सावलीतली रिकामी खुर्ची

सरावलीच्या आमच्या निवृत्तांच्या वसाहतीत मे महिन्यात दुपारी वीज गेली, की घराचा तवा होतो. मग आम्ही सगळे म्हातारे खाली चिकूच्या झाडाखाली खुर्च्या टाकतो. तिथे राज्य तळमजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांचं. सावली हातभर सरकली, की हे गृहस्थ ओरडणार, "चला, उठा! ऊन आलं!" डुलकी लागलेल्यालाही दयामाया नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, पायालाच तर लागतंय!"

"आधी पाय, पछी डोकं," म्हणाले, आणि मला उठवून खुर्ची ओढलीच.

दर वेळी ते एक रिकामी खुर्चीही सरकवायचे. ती समोरच्या घरातल्या बाईंची. नवरा गेल्यापासून त्या दार लावून उकाड्यात बसून असत, कितीही हाका मारल्या तरी खाली येत नसत. पण त्या खुर्चीवर कुणी पिशवी ठेवली तरी यांना खपायचं नाही. "बेन येईल तेव्हा खुर्ची गार नको?" मला हा हट्ट वेडपटच वाटायचा.

परवा बाई आल्या. पदराने घाम टिपत त्या खुर्चीत बसल्या. थोड्या वेळाने ऊन त्यांच्या पावलांवर आलं. आज तरी या माणसाने गप्प बसावं, असं मी मनात म्हणतोय, तोच ते ओरडले, "बेन, उठा! ऊन आलं!"

बाई उठल्या. शेजाऱ्यांनी खुर्चीला हात घातला, तशा त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझी मी ओढते."