कोळशातून आलेलं पाणी

इकोनियानं एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चादरी पांढऱ्याशुभ्र केल्या आणि स्वतःच्या घरी पिवळ्या अंथरल्या. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात ती धोबीखान्यात होती. तिथं पाणी गाळणारं यंत्र होतं, त्यामुळे धुतलेली चादर उन्हात धरली की डोळे दिपायचे. संध्याकाळी बसनं गावी परतलं की घरच्या नळाला तेच बानात प्रांतातलं पाणी. रंग पातळ चहाचा, वास कुजक्या पाल्याचा. त्या जमिनीखाली जुन्या दलदलीचं गवत कुजत पडलंय आणि पाणी त्यातूनच वर येतं, त्यात कुणाचा दोष नाही. गावच्या टाकीत क्लोरीन पडलं की वास गोड होण्याऐवजी आणखी नाकात जायचा. लग्नात आईनं दिलेले बारा पांढरे टेबलक्लॉथ इकोनियानं त्या पाण्यात एकदाच धुतले. ते फिकट पिवळे झाले, आणि त्या दिवशी ती जी रडली तशी नवरा गेल्यावरही रडली नाही. हे ती स्वतःच सांगायची, लाजायची नाही.

पुढे चौकात गाळलेल्या पाण्याचा सार्वजनिक नळ आला. मग सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन बांधून रोज दोन खेपा. प्यायला, सूप शिजवायला, पांढरे कपडे भिजवायला. गेल्या हिवाळ्यात बर्फावरून सायकल घसरली आणि कंबरेचं हाड गेलं. वय चौऱ्याहत्तर. हातात काठी आली आणि खेपा थांबल्या.

मुलगा व्लास्ता नोवी साद शहरात राहतो. तो येऊन स्वयंपाकघरात बसला आणि त्यानं एकदम विषयालाच हात घातला.

"आई, बस झालं. आमच्या इमारतीत तळमजल्यावरची जागा रिकामी झालीय. घराला गिऱ्हाईक मिळालंय. मित्रोवदानच्या सणानंतरच्या मंगळवारी कागद करून टाकू."

"मला विचारलंस?"

"आता विचारतोय ना!"

"मग माझं उत्तर नाही. मला इथंच मरायचंय."

"मर बाई, खुशाल मर! पण तोवर पाणी कोण भरणार? शेजारची पेर्सिदा?"

पेर्सिदा कुंपणापलीकडून सगळं ऐकत होती. "मी माझंच भरत नाही, तुझ्या आईचं कुठलं भरू?" ती म्हणाली. "मी तर घरी गाळलेली राकिया पिते. त्यात पाणी लागत नाही."

इकोनियाची कोंडी खरी होती. पाणी असेल तर घर राहील, नाहीतर मंगळवारी सही.

गाळणीचा प्रयोग करून झाला नव्हता असं नाही. आदल्या वर्षी व्लास्तानं शहरातल्या दुकानातून सुरईएवढी एक नळी आणून मुख्य पाइपवर बसवली होती. खोक्यावर "संपूर्ण घरासाठी" असं छापलेलं. नऊ दिवस पाणी झकास आलं. दहाव्या दिवशी पुन्हा चहा. तेव्हापासून व्लास्ताचा विश्वास उडाला तो उडालाच.

इकोनियानं मात्र टिबोर मिस्त्रीला बोलावलं. टिबोर हंगेरियन, साठीला टेकलेला, कामाला चोख आणि बोलायला फटकळ. त्यानं ती नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"मावशी, हिच्यात किती कोळसा मावतो? किलोभर. इथल्या पाण्यासमोर म्हणजे पाहुण्यांनी भरलेल्या घरात एक वाटी सूप. दुकानदारानं विचारलं का, घरात माणसं किती, एका वेळी नळ किती उघडतात?"

"विचारलं कुठे? पैसे घेतले आणि पिशवी दिली."

"तिथंच चुकलं. पाणी कोळशातून पळत गेलं तर उपयोग शून्य. रेंगाळत जायला हवं. म्हणून टाकी मोठी पाहिजे. किती मोठी, ते मी सांगणार नाही, तुमचं पाणी सांगेल. प्रयोगशाळेत नमुना द्या. काचेची बाटली, अगदी स्वच्छ."

जायच्या आधी त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या तळहातावर काळे दाणे ओतले. खसखशीपेक्षा मोठे, चमक नसलेले.

"नारळाची करवंटी जाळून करतात. हलके आहेत ना? आतून सगळी भोकं आहेत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. पाण्यातला रंग, वास, क्लोरीन त्या भोकांच्या भिंतींना चिकटून बसतं. तुमचं शेत केवढं होतं?"

"अडीच हेक्टर. सहकारी शेतीत जायच्या आधी."

"मूठभर घ्या याचे. आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर तुमचं शेत झाकलं जाईल."

इकोनियानं मूठ मिटली. नारळ तिनं आयुष्यात फक्त केकवर किसून टाकलेला पाहिला होता. ते शेत कापायला तिच्या सासऱ्याला, नवऱ्याला आणि दोन गड्यांना आठवडा लागायचा, आणि आता ते तिच्या मुठीत होतं, वजन म्हणाल तर चार साखरेच्या खड्यांएवढं. टिबोर गेल्यावरही ती बराच वेळ तशीच उभी होती. मूठ उघडायचं तिच्या जिवावर आलं.

मग नमुना. इकोनियाला स्वच्छतेबद्दल कुणी शिकवायची गरज नव्हती. एकतीस वर्षं दवाखान्यात काढली होती तिनं. काचेची बाटली घेतली, सोड्यानं घासली, उकळत्या पाण्यातून काढली, नळाच्या पाण्यानं भरली, बूच लावलं आणि बसच्या ड्रायव्हरच्या हाती तालुक्याला पाठवली.

आठ दिवसांनी कागद आला. आर्सेनिक, क्षार, लोह, सगळं मर्यादेत. पण एका ओळीपाशी टिबोरचं बोट थांबलं. पाण्यात कुजलेला पाला किती, हे ती ओळ सांगते. त्यानं चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मावशी, खोटं बोलणार नाही. हा आकडा असेल तर कोळसा तीन महिन्यांत भरून जाईल. दर तीन महिन्यांनी चार पोती कोळसा कोण बदलणार? मी हे काम घेणार नाही."

दुसऱ्या कुणी गुपचूप बसवून पैसे घेतले असते. टिबोरनं टोपी घातली आणि तो निघून गेला.

इकोनियानं व्लास्ताला फोन केला. "शनिवारी गाडी घेऊन ये." एवढंच. मग ती कोठीच्या खोलीत गेली आणि लाल मिरचीच्या चटणीच्या बरण्या काढून पेर्सिदाकडे देऊ लागली. पेर्सिदा बरण्या घेत होती आणि नाक ओढत होती.

"रडतेस कशाला? बरण्या भरलेल्या आहेत," इकोनिया खेकसली.

"रडत नाही. सर्दी झालीय."

तिसऱ्या दिवशी टिबोर न बोलावता परत आला. पायरीवरूनच त्यानं सुरुवात केली.

"मला ते चैन पडू देईना. तुमच्या गल्लीच्या टोकाला पाद्रीबाबांचं घर आहे, तिथं टाकी मीच बसवली. पाइप तोच, पाणी तेच. त्यांचा आकडा तुमच्या चौथ्या हिश्शाएवढा! तुमच्या घरात येईपर्यंत पाणी एवढं घाण कसं होईल? बाटली कुठली होती?"

"काचेची. स्वच्छ धुतलेली."

"कशानं?"

"सोड्यानं. उकळत्या पाण्यानं. आणि शेवटी जंतू मरायला म्हणून पेर्सिदाच्या राकियानं, तीनदा. मिस्त्री, मी दवाखान्यातली बाई आहे, मला शिकवू नकोस."

टिबोर खाली पायरीवरच बसला. दोन्ही हातांनी त्यानं डोकं धरलं आणि खांदे हलायला लागले. तो हसतोय की रडतोय, ते आधी कळेना.

"अहो मावशी! दारूही त्या तपासणीत कुजक्या पाल्यासारखीच मोजली जाते! तुम्ही पाणी तपासायला पाठवलंच नाही, पेर्सिदाबाईंची राकिया तपासायला पाठवलीत!"

"काय वाईट निघाली का?" कुंपणापलीकडून पेर्सिदा.

या गावात बाळाची नाळ कापताना, कान टोचताना, चाकू धुताना, छाती चोळताना राकियाच लागते. त्याहून स्वच्छ काही असतं, हे इकोनियाच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती आधी लाल झाली, मग पांढरी, आणि मग म्हणाली, "शनिवारी व्लास्ता येतोय."

"मग आजच दुसरा नमुना. बाटली प्रयोगशाळेचीच, मी आणतो. आणि विसळायची तर फक्त तुमच्याच नळाच्या पाण्यानं."

टिबोर स्वतः गाडी घेऊन तालुक्याला गेला, स्वतः तिथं बसून राहिला. शुक्रवारी आकडा आला, पाद्रीबाबांच्या घराइतकाच. आता तो हिशेबानं बोलू लागला. एक माणूस, एक न्हाणीघर, एका वेळी फार तर दोन नळ. टाकी माणसाच्या छातीएवढी उंच, चार पोती कोळसा, आधी गाळ अडवायला एक छोटी गाळणी. कोळसा साधारण वर्षभर पुरेल. जागा अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात नको, तिथं हिवाळ्यात गोठतं. कोठीच्या खोलीत ठेवायची. आणि तीन तोट्या अशा लावायच्या की कधी दुरुस्ती निघाली तर टाकी वगळून पाणी घरात यावं.

शनिवारी सकाळी व्लास्ता मोकळी गाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा टिबोरचं शेवटचं जोडकाम चाललं होतं. कोळसा आदल्या दिवशीच पिंपात भिजत घातला होता, आतली हवा निघावी म्हणून.

"हे काय आता?" व्लास्ता.

"थांब आणि बघ," आई.

टिबोरनं पाइपचं तोंड दारापुढच्या चरात सोडलं आणि तोटी उघडली. पाणी आलं ते शाईसारखं काळंकुट्ट.

पेर्सिदानं हात जोडले. "इकोनिया, आधी चहा होता, आता कॉफी! नशीब उघडलं तुझं!"

व्लास्तानं सामान चढवायला गाडीचं मागचं दार उघडलं.

"दार लावून घ्या," टिबोर मान वर न करता म्हणाला. "नव्या कोळशाची भुकटी आहे ती. वाहून जाऊ द्या. याला घाई चालत नाही."

इकोनिया स्टूल घेऊन चराशी बसली. वीस मिनिटांनी काळ्याचं करडं झालं. चौकात गाडी उभी करून व्लास्ता कॉफी पिऊन आला, तेव्हा करड्याचं धुरकट झालं होतं. धुरकट पातळ होत गेलं, आणि मग एका क्षणी पाइपच्या तोंडाशी पाणी आहे की नाही हेच दिसेना. चराच्या तळाचे खडे दिसत होते आणि ते थरथरत होते, म्हणून पाणी आहे म्हणायचं.

ती काठी न घेता उठली. कंबरेचं भान तिला राहिलं नव्हतं. न्हाणीघरात जाऊन तिनं टबाचा नळ सोडला आणि टब काठोकाठ भरू दिला. पंचेचाळीस वर्षांचा तो टब. तो कायम मळका आहे असंच ती समजत होती. तो पांढरा होता! तळाशी मुलामा उडालेला बोटभर डाग होता, तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि पाणी? पाणी निळं होतं. अगदी किंचित. इतकं पाणी एकत्र साठलं की ते निळं दिसतं, हे तिला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. तिनं वाकून वास घेतला. कसलाच वास नव्हता.

व्लास्ता मागे येऊन उभा राहिला होता. त्यानं बाही वर न करताच कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिला, जणू ती आज नवीन आली होती.

"किती दिवस?" त्यानं टिबोरला विचारलं. "ती आधीची नळी नऊ दिवस चालली होती."

"नीट राखली तर वर्षभर. आठवड्यातून दोनदा टाकीवरची मूठ फिरवायची, म्हणजे पाणी उलटं जाऊन कोळसा मोकळा होतो. छोटी गाळणी तीन महिन्यांनी बदलायची. घर चार दिवस बंद राहिलं तर आल्यावर आधी सगळे नळ पाच मिनिटं सोडायचे. क्लोरीन निघून गेलंय, साचलेलं पाणी खराब होतं. आणि दर शनिवारी पांढऱ्या बशीत पाणी घेऊन खिडकीशी धरायचं. वाळल्या गवताचा रंग दिसला की कोळसा भरला."

"रंग मी ओळखेन," इकोनिया म्हणाली. "पिवळं म्हणजे काय ते मला विचारा."

"पण चार पोती उपसून नवी भरायची ती मावशींच्यानं व्हायची नाहीत. पुढच्या शरदात दोन दणकट हात लागतील."

व्लास्तानं ओला हात पँटला पुसला आणि खिशातून फोन काढला. गिऱ्हाइकाचा नंबर शोधायला त्याला बराच वेळ लागला.

"मंगळवारचं जमणार नाही," तो फोनवर म्हणाला. "नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. मी इथं पुढच्या ऑक्टोबरात कोळसा भरायला येणार आहे."

इकोनिया टबाच्या काठावर बसली होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"बाहेर व्हा सगळे," ती म्हणाली. "मला अंघोळ करायची आहे."