पत्रकातला खड्डा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संघटनेच्या बैठकीत नाही, घरी नाही, आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या जान्याकाकांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — बघा, इथेही मी सोपी जागाच शोधली.

पत्रकं लिहिणं हे माझं काम. रस्ता, रेशन, दवाखाना. कुणी काय दडवलं याचा वास मला लांबून येतो. दुसऱ्यांनी दडवलेल्याचा. स्वतःच्या दडवलेल्याचं काय?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. संघटनेकडे एक जुनी व्हॅन होती. कर्णा बांधला की प्रचाराची. एरवी पाड्यांवरच्या आजाऱ्यांना डहाणूला आणायची. चालवायचे उधव्याचे जान्याकाका. तिच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं. काका म्हणाले, आशागडला गॅरेजात टाकू, तिथे नवं बेअरिंग प्रेसच्या यंत्रावर दाबून बसवतात. मी म्हटलं, घरीच बदलू. ‘आपले हात, आपली ताकद’ ही घोषणा माझी होती. ती भिंतीवर रंगवायची आणि चाक दुसऱ्याकडे न्यायचं?

सरावलीला, आमच्या अंगणात, चाक खोललं. नवं बेअरिंग आकसावं म्हणून मासळीच्या बर्फात पुरलं. ज्या खोबणीत ते बसतं ते लोखंड चुलीवर तापवलं. काका हसले, “पत्रकवाली, कालवण करतेस की काय त्याचं?” मग गंभीर होऊन दोनदा बजावलं — ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावरच, जुन्या बेअरिंगचं कडं वर ठेवून, चारी बाजूंनी, हळूहळू. आतल्या कड्यावर मारलं तर मार गोळ्यांना लागतो. बेअरिंग बसतानाच मरतं.

ते चहाला आत गेले. बेअरिंग अर्ध्यावर तिरकं अडकलं. लोखंड निवत चाललं होतं, दुपारी तलासरीला सभा होती — पण ही कारणं नव्हेत, मला फक्त घाई झाली होती. मी मधोमध लोखंडी तुकडा धरला आणि आतल्या कड्यावर हातोडा घातला. सात-आठ घाव. बसलं.

काका बाहेर आले, हाताने फिरवून पाहिलं. “बाहेरूनच ठोकलंस ना गं?”

मी ‘हो’ म्हटलं.

पंधरा दिवसांत चाक गुणगुणायला लागलं. काका म्हणाले, चाक रडतंय. मी म्हटलं, टायरचा आवाज आहे. कर्णा चालू असला की ते ऐकू येत नसे. म्हणून मी रिकाम्या रस्त्यावरही कर्णा चालू ठेवायला लागले. कळत नव्हतं का मला? कळत होतं.

पुढच्याच महिन्यात उधव्याजवळ ते चाक अडकलं, तिरकं झालं, आणि व्हॅन चरात गेली. काका एकटेच होते. गुडघा चेपला. मी पोहोचले तोवर त्यांना दवाखान्यात हलवलं होतं. रस्त्यावर बेअरिंगच्या फुटक्या गोळ्या पडल्या होत्या. मी त्या एकेक वेचून ओढणीत बांधल्या. लोकांना वाटलं, ही पुरावा गोळा करतेय.

आणि रस्ता? त्या जागी रस्ता सपाट होता. कंत्राटदाराने सगळा चोरला, तेवढा तुकडा नेमका धड ठेवला होता.

संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. ‘खड्ड्याने घेतला ड्रायव्हरचा पाय.’ फोटो दीड किलोमीटर अलीकडच्या खड्ड्याचा. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक ते. रस्ता अजून तसाच आहे.

काका लंगडत का होईना, चालायला लागले. पण गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. व्हॅन भंगारात गेली, दुसरी आली, संघटनेने बोलावलं — नाही म्हणाले. पाड्यावरून आजाऱ्याला आता कोण आणतं? ज्याला जसं जमेल तसं.

यंदा मी त्यांच्याकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून. ओट्यावर नाचणी पाखडत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पत्र्याच्या पेटीतून ते पत्रक काढलं. मुलीकडून वाचून घेतलेलं, घड्यांवर फाटलेलं.

“मला तर रस्ता साफ दिसला होता गं,” ते म्हणाले. “पण तू छापलंस, म्हणजे खड्डा होताच. माझेच डोळे गेले. बरं झालं, गाडीत कुणी नव्हतं. आता कुणाला बसवू?”

हेच ते तीन वर्षं सगळ्यांना सांगत आलेत.

मी चहा प्यायले. पत्रकाची घडी पुन्हा नीट घालून त्यांच्या हातात दिली. निघाले, स्कूटर चालू केली, वळणापाशी पोहोचले, तेव्हा त्यांनी तेवढ्या लांबून, ओट्यावरूनच हाक मारली — मागच्या चाकात हवा कमी आहे, जपून जा.

खाली वाकून पाहिलं. हवा खरंच कमी होती.