पहिली झापड

कॉम्प्युटर उघडायच्या आधी ते टेबलावर मूठ आपटायचे. "प्लग काढला?" काढला म्हटलं तरी स्वतः वाकून बघायचे. बोरिवलीतल्या त्यांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या गाळ्यात तुम्ही कधी गेला असाल, तर ती मूठ तुमच्याही चहाशेजारी आपटली असेल.

मूळचे मनोरीचे, जुन्या ख्रिस्ती घरातले. खांदे होडी ओढणाऱ्याचे आणि डोकं कायम तापलेलं. आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे माझं त्यांच्याकडे नेहमीचं जाणं-येणं. कुरिअरवाल्याने खोकं दाणकन टाकलं म्हणून त्यांनी त्याची कॉलर धरलेली मी पाहिली आहे. एक रिक्षावाला आपल्या म्हाताऱ्या बापाला शिव्या देत होता, तर यांनी त्याच्या रिक्षाचा आरसाच उपटला. दुसऱ्या दिवशी नवा आणून स्वतः बसवून दिला.

"हात आधी जातो, बाय," ते मला म्हणायचे. "डोकं मागून चालत येतं."

त्या दिवशी सकाळी मी गाळ्यातच होते, माझं नवं ग्राफिक्स कार्ड बसवून घ्यायला. एक तरुण आपला कॉम्प्युटर घेऊन आला. अंकलकडूनच कार्ड नेऊन त्याने घरी स्वतः बसवलं होतं आणि आता मशीन सुरूच होत नव्हतं. अंकलने झाकण काढलं. कार्ड ज्या खाचेत बसतं तिचं प्लास्टिक तुटलेलं, आणि आत जळका वास.

"चालू मशीनमध्ये दाबलंस?"

"दाबलं. मग? तू मला जळका माल दिलास. चोर आहेस तू."

झापड इतकी जोरात बसली की त्याचा चष्मा रस्त्यावर जाऊन पडला. ओठ फुटला. तो चष्मा उचलून निघून गेला.

संध्याकाळी मी कार्डासाठी पुन्हा गाळ्यात आले होते, तेव्हा तो तीन मित्र आणि लोखंडी सळ्या घेऊन आला. पहिला घाव काचेच्या शोकेसवर पडला. अंकलने मला टेबलाखाली ढकललं. एकाची मान धरून त्यांनी त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. भिंतीवर रक्त उडालं. दुसऱ्याच्या हातातली सळी हिसकावून त्याच्याच पाठीत घातली. मग त्यांना बाहेर रेटून ते शटर खाली ओढू लागले, आणि बाहेरून कोणीतरी त्याच शटरवर सगळं वजन टाकलं. अंकलचा उजवा हात उंबऱ्यावर सापडला. बोटं मोडल्याचा आवाज मी टेबलाखाली ऐकला.

हॉस्पिटलमध्ये पोलीस जबाब घ्यायला आले. मी सगळं सांगितलं, फक्त सकाळचं सोडून. अंकल डोळे मिटून पडले होते.

"पहिली झापड माझी होती," ते म्हणाले. "ते पण लिहा."

"अंकल, गप्प बसा ना."

"त्याचा ओठ फुटला होता, बाय. मी बघितलं."

केस मग दोन्ही बाजूंवर झाली आणि पुढे आपसात मिटली. त्यांची दोन बोटं मात्र परत सरळ झाली नाहीत.

माझं कार्ड तसंच पडून होतं. प्लास्टर निघाल्यावर त्यांनीच बोलावलं. "आता तू बसव. मी सांगतो."

"मला नाही जमणार."

"लोखंडी डब्याला हात लाव. अंगातली वीज जाऊ दे. आता कार्ड कडेने धर. सोनेरी दातांना हात नको."

मी मागची पट्टी काढली, खाचेचा खटका उघडला, कार्ड सरळ ठेवून दोन्ही टोकांना सारखं दाबलं. टक् झालं. स्क्रू लावताना तो माझ्या हातातून सटकून बोर्डावर पडला, आणि त्यांचा डावा हात वर गेला. मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. उघडले, तर अंकल आपला डावा हात मांडीखाली घालून त्यावर बसले होते. चेहरा लालबुंद.

"उचल," ते म्हणाले. "आधी स्क्रू काढ, मग पुढचं. वीज जोडायची घाई नको."

पडद्यावर चित्र आलं तेव्हा ते दुसरीकडे बघत होते.

पुढे त्यांनी गाळा सोडला आणि ते मनोरीला भावाकडे गेले. मार्व्याहून बोटीने मी एकदा भेटायला गेले. ते धक्क्याजवळ उभे होते, उजवा हात पँटच्या खिशात. गाळ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. "जेवलीस?" एवढंच विचारलं आणि घरी नेऊन डाव्या हाताने बोंबलाचं ताट माझ्यापुढे सरकवलं. रस्सा थोडा सांडला. वहिनी पुसायला आल्या, तर त्यांच्यावर खेकसले.

परतीची बोट सुटली. मी मागे वळून धक्क्याकडे पाहिलं. अंकलने थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, मग खिशातून उजवा हात काढला आणि ती वाकडी बोटं वर करून मी पार लांब जाईपर्यंत ते हलवत राहिले.