पाळीवरची दोरी

पवनीजवळच्या आमच्या गावात धान जगायचं ते तलावाच्या पाण्यावर. पावसानं दडी मारली की पाळीखालची, म्हणजे तलावाच्या बांधाखालची, मोरी उघडायची. तिला आम्ही तुडूम म्हणतो. तिचा लाकडी दट्ट्या खोल पाण्यात, आणि तो काढायला बुडी मारायचा माझा बा. कमरेला दोरी, दोरीचं टोक पाळीवर मायच्या हातात. रीत अशी, की खालच्यानं बुडी मारली की वरच्यानंही श्वास रोखायचा. वरच्याचा दम संपला की दोरी ओढायची. मायचा दम बाच्या निम्मा. त्यामुळे बा दरवेळी अर्धं काम टाकून वर यायचा, तो भांडतच.

"काहून ओढली वं? दट्ट्या आत्ताच तं हालून राहिला होता!"

"मंग राहा खालीच!" माय म्हणायची. दोरी मात्र हातातून सोडायची नाही.

पुढे त्याच दोरीवर मीही बुडी मारायला शिकलो. छाती गच्च भरायची आणि तोंड मिटून घ्यायचं. आपल्यासारखा दम पंचक्रोशीत कुणाचा नाही, अशी माझी खात्रीच होती. एकोणीसशे ऐंशीनंतर अंदमानात बेटाबेटांवर फिरून समुद्रातले प्रवाळ पाहायची नोकरी लागली, तेव्हा गावभर फुशारकी मारत फिरलो.

अन् तिथंच नाक कापलं गेलं. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि नियम एकच: श्वास कधीच थांबवायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगत जाते. तोंड मिटलेलं असलं तर फुप्फुस फाटतं. पण वर निघालो की माझं तोंड आपोआप मिटायचं. शिकवणारा उस्ताद नौदलातून निवृत्त झालेला. त्यानं दोनदा पाण्यातच माझ्या पोटात गुद्दा हाणून हवा बाहेर काढली. दुसऱ्यांदा होडीत ओढून घेतलं आणि ओरडला, "मरना है क्या? एक मौका और. फिर अगले जहाज से घर!"

मला रडूच आलं. ज्या दमाचा तोरा मिरवला, तोच माझ्या मुळावर उठला होता. आता कोणत्या तोंडानं गावी जायचं?

तिसऱ्यांदा तळाशी गेलो. उस्तादानं वर चलायची खूण केली, आणि मला काय सुचलं कोण जाणे, मी नळीतच बासारखा भांडायला लागलो. काहून ओढली वं, काहून ओढली वं... बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही, राजेहो! बुडबुडे सोडत, भांडत भांडत मी वर आलो. उस्तादानं पाठीवर थाप मारली. नोकरी वाचली.

घरी पत्र टाकलं, की शिकलो. रोज सकाळी सातला पाण्यात उतरतो.

वर्षानं रजेवर आलो. दुसऱ्या दिवशी रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या आणि अंगण झाडणारी माय मध्येच थांबली. डोळे मिटलेले, गाल फुगलेले. मी घाबरून धावलो. बा ओसरीवरून म्हणाला, "राहू दे. तुयं पत्र आलं तवापासून रोज असंच चालू आहे."

मायनं दम सोडला आणि धापा टाकत खाली बसली. मला तिचा रागच आला.

"अवं माय, मी तं इथंच उभा आहो! अन् तिथं श्वास रोखाचा नसते. घेतच राहावा लागते."

"पाण्याच्या आत?"

"हो."

झाडूचा आधार घेत ती उठली. मग म्हणाली, "तं मंग बापा, दोरी कवा ओढाची, हे वरच्या मानसाले समजते कसं?"

तिथं दोरीच नसते, हे मला तिला सांगवलं नाही.