पाळकीणबायांचा गट

माझे पती शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणून मी पाळकीणबाई. आमच्यासारख्या पाच-सहा जणी महिन्यातून एकदा दौंडला चर्चच्या हॉलमध्ये गोल करून बसतो. एकमेकींकडून शिकायचं, मनातलं बोलायचं, असा तो गट. एक ज्येष्ठ पाळकीणबाई तो चालवायच्या.

सुरुवातीला मी खरं ते बोलले होते. घर चर्चच्या आवारातच, कुणीही केव्हाही आत येतं, मी काय नेसले, कुणाशी हसले यावरही बोललं जातं. कधी वाटतं, उठावं आणि माहेरी निघून जावं. सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

पुढच्याच रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला दारात गाठलं. "बाई, तुमचं हितं मन लागत न्हाई म्हणं? माहेरी जायचं म्हणताय?" त्या गट चालवणाऱ्या बाईंच्या नात्यातल्या होत्या.

घरी पती एवढंच म्हणाले, "आता गट सोडू नकोस. लोक आणखी बोलतील."

मग जात राहिले. माझी पाळी आली की "प्रभूच्या कृपेनं सगळं बरं आहे" म्हणायचं आणि शेजारणीकडं बघायचं.

यंदा तळेगाव ढमढेऱ्याहून एक नवी मुलगी येऊ लागली. नुकतंच लग्न झालेलं, नवरा तिकडं पाळक. पहिल्याच बैठकीत ती खरं ते सांगायला लागली. "हल्ली मला प्रार्थनाच करता येत नाही," ती म्हणाली, "घरी सासूबाई..."

मी उठले. "चहा ठेवायचाय, चल जरा मदतीला," म्हणत तिला हाताला धरून आत नेलं. गॅस पेटवता पेटवता हळूच सांगितलं, "इथं नको बोलूस."

"मग कुठं बोलू, ताई?"

मी आधणात साखर टाकली.

चहा घेऊन बाहेर आलो तर गट चालवणाऱ्या बाई खूश होत्या. "किती छान सांभाळलंस तिला. पुढच्या महिन्यापासून गट तूच घे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत." नाही म्हणायला कारण काय सांगणार? पतींना तर अभिमानच वाटला.

आता सुरुवातीची प्रार्थना मी करते. बाई गुडघे धरून का होईना, येतातच, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकतात. ती मुलगीही "सगळं बरं आहे" म्हणायला शिकली. माझ्याकडूनच शिकली.

परतताना आम्ही न्हावऱ्यापर्यंत एकाच एसटीनं येतो. तिथं तिला गाडी बदलावी लागते, म्हणून मीही उतरते. स्टँडवरच्या बाकावर आधी ती बोलते, मग मी. शिरूरची एक गाडी आम्ही जाऊ देतो. दुसरी आली की मात्र बसावंच लागतं.