माझी नस आनि मेव्हन्याचा फोन

मी अर्नाळ्याच्या बोटीवर खलाशी. बोटीचा तांडेल, आमचा कप्तान, म्हंजे माझ्या बायकोचा भाऊ, म्हनून तर मला ठेवलाय. गेल्या वर्षी जाळं ओढताओढता माझं काळीज एकदम धावायला लागलं, डोळ्यापुढं अंधार आला आनि मी मासळीच्या ढिगावर पडलो. शुद्धीवर आलो तर तांडेल बोलतो, "भावोजी, खाली पापलेट हाय, उठा." पापलेट बघून झाल्यावर मला बघितला. "डॉक्टर हो बोलेल तवाच बोटीवर या."

बोळिंजच्या डॉक्टरनं नालासोपाऱ्याच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथं एक तरनी डॉक्टरीन. बोलली, "काका, सुई नाही, कापाकापी नाही. छातीवर पट्ट्या चिकटवणार. मेंदूकडून एक नस हृदयाला 'पळ' म्हणून हुकूम सोडते, तो कातडीवरून आम्हाला मशीनवर दिसतो. तुमचं हृदय नसेच्या हुकमानं पळतं की आपलं आपण, ते बघायचंय. नसेमुळे असेल तर गोळीनं भागेल, बोटीवर जाल. आपलं आपण पळत असेल तर बोट विसरायची."

मी मान हलवली. मान हलवायला शाळा लागत नाय. डोक्यात माझं वेगळंच चाललेलं. शुगर कमी आली की चांगली, बीपी कमी आलं की चांगलं, म्हंजे ही नस पन कमीच आली पायजे. ठरवलं, गप पडायचं, मनात काय आनायचं नाय. बायको बोलते, मला तेवढंच जमतं.

पट्ट्या चिकटेनात. मोठ्या डॉक्टरकडं जायचं म्हनून बायकोनं सकाळी मला वरपासून खालपर्यंत खोबरेल चोळलेलं. डॉक्टरीननं स्पिरिटनं पुसलं, परत पुसलं, मग केस भादरले. छाती सोललेल्या कोंबडीसारखी झाली तवा कुठं पट्ट्या बसल्या.

मग तिनं बर्फाच्या पान्याचं घमेलं आनलं. "हात बुडवून ठेवा. त्रास होईल. त्रास झाला की नस जागी होते."

माझा जन्म मासळीवर बर्फ टाकन्यात गेला. हात आत गेला आनि मला डुलकी लागली. तिनं इचारलं, "दुखतंय का?" मी बोललो, "नाय, बर्फ कमी हाय."

"बरं, शंभरातून सात वजा करा. मग त्यातून परत सात. भरभर."

मी बोललो, "जमत नाय." ज्याला हिशोब येतो त्याला टेन्शन येतं. मी निवांत पडून ऱ्हायलो.

"काहीच हलत नाही," डॉक्टरीन मशीनकडं बघून बोलली.

मी बोललो, "थँक्यू."

तेवढ्यात बाहेर बसलेली बायको दार ढकलून आत आली. हातात फोन, स्पीकरवर. "दादा बोलतोय."

"भावोजी," तांडेल बोलला, "उद्याच्या भरतीला बोट काढतो. तुमच्या जागी तुमच्या भावाला घेतलाय."

मी तसाच पडून ऱ्हायलो. मशीनवरची रेघ मात्र उड्या मारायला लागली. डॉक्टरीन खुर्चीतून उठली. "काका, हलू नका. ताई, फोन ठेवू नका. त्यांना अजून बोलायला सांगा."

बायको फोनात बोलली, "दादा, अजून बोल. ह्यांच्या तपासनीला लागतंय."

"काय बोलू?"

"घरी बोलतोस ते."

तांडेलानं आढेवेढे घेतले नाय. "भाऊ चांगला हाय. जाळं ओढतो, झोपत नाय. भावोजी चढले की बोट कलते, उतरले की सरळ होते. आमच्या बापानं काय बघून पोरगी दिली ते त्यालाच ठाऊक." बायको मान हलवत होती. माझ्या छातीत इंजिन सुरू झालं. डॉक्टरीन मशीनकडं बोट दाखवत बोलली, "आधी नस. मग हृदय. बघा, परत नसच आधी."

तिनं गोळी लिहिली. मला बोलली, महिन्यानं चढा. मग बायकोला बोलली, पण बोटीवर ह्यांना कोणी टोचून बोलायचं नाही.

फोन चालूच होता. तांडेलानं सगळं ऐकलं. मग बोलला, "डॉक्टरीनबाय, मग ह्यांच्याशी बोलायचं काय?"

महिन्यानं चढलो. काळीज जागेवर हाय. भाऊ पन बोटीवरच ऱ्हायला, त्याला उतरवायला कोन तयार नाय. मला काम सांगायचं असलं की तांडेल भावाला सांगतो, आनि भाऊ ते स्वतःच करून टाकतो.