पाहुण्याचं नाव-गाव

कर्जतजवळच्या मिशनच्या कॉलेजातला रेडिओ मुलंच चालवायची. कडावच्या समीक्षानं तिथं एकच नियम केला होता: आत येईल त्याचं नाव-गाव आधी माइकवर सांगायचं. त्या सकाळी भातावरच्या करपा रोगाची माहिती चालू होती. ‘बायबलवाल्यांचा रेडिओ बंद करा’ म्हणत चार टगे दार फोडून घुसले. एकाच्या सळईनं रेडिओचं मशीन सांभाळणाऱ्या रूपेशचं डोकं फुटलं, भिंतीवर रक्त उडालं. समीक्षाचा दात पडला. माइक मात्र चालूच होता. ती रक्त थुंकली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, “आता आपल्यासोबत आहेत कडावचे वाल्मिक. माझा चुलतभाऊ हाय. आत्ताच रूपेशचं डोकं फोडलं त्यानं.”

वाल्मिकनं पुन्हा सळई उगारली. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. आईचा होता. ती रोज हाच रेडिओ लावून म्हशीची धार काढायची.